नळीतील पीळ आणि गोळीची निवड : गंगापूरचा माळ, गौताळ्याचे रान आणि जुनी शिकारी रायफल

१.
शिकारी रायफलींच्या इतिहासातील दोन आकडे शेजारी ठेवले की कोडे पडते. १८६३ साली कॅप्टन जेम्स फोर्सिथ याने मध्य हिंदुस्थानातील जंगलांसाठी जी रायफल सुचवली, तिच्या नळीतील खाचा १०४ इंचांत एक फेरा घेणाऱ्या होत्या. पंचवीस वर्षांनी आलेल्या ली-मेटफर्ड रायफलीच्या खाचा अवघ्या १० इंचांत पूर्ण फेरा घेत. दोन्ही रचना जाणकारांनी पूर्ण विचाराने केलेल्या होत्या. मग पीळ दहापट घट्ट का झाला? या प्रश्नाच्या उत्तरात गोळीचा आकार आहे, सावजाची जात आहे, आणि गंगापूरच्या माळापासून गौताळ्याच्या रानापर्यंतचा भूगोलही आहे.

२.
आधी भूगोल. गंगापूर तालुका गोदावरीच्या उत्तर तीरावर आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. नदी ओलांडली की नेवासे, म्हणजे इंग्रजांचा मुंबई इलाखा. तालुक्याचा बराचसा भाग काळ्या मातीचा, सपाट आणि विरळ झाडीचा. उत्तरेला मात्र दौलताबाद-खुलताबादच्या टेकड्या लागतात, त्यांच्यापुढे कन्नड, गौताळ्याचे रान आणि सातमाळा-अजिंठ्याची रांग. घाट उतरला की खानदेश. थोड्या मजलांच्या अंतरात उघडा माळ आणि दाट जंगल असे दोन अगदी वेगळे प्रदेश येथे एकमेकांना भिडतात.

३.
एकोणिसाव्या शतकातील शिकाऱ्याला हे दोन प्रदेश दोन वेगळे प्रश्न विचारीत. काळवीट हा उघड्या माळावरचा प्राणी. त्याला माणूस दुरूनच दिसतो, त्यामुळे बार दीडशे-दोनशे यार्डांवरून टाकावा लागे. तेथे गोळी सरळ रेषेत जाणे महत्त्वाचे. घाटातील झाडीत वाघ दिसे तो तीस-चाळीस पावलांवर, क्षणभर, अर्धा झुडपाआड. तेथे गोळीने हाड फोडून खोलवर जाणे महत्त्वाचे. एकाच नळीने दोन्ही कामे होतील का, हा वाद पुढे शतकभर चालला. त्या वादाच्या केंद्रस्थानी नळीतील पीळ होता.

४.
पीळ म्हणजे काय? रायफलीच्या नळीच्या आतल्या अंगाला लांबच लांब खाचा कोरलेल्या असतात. त्या सरळ नसतात. दोरीच्या पेडांसारख्या वळत पुढे जातात. गोळी त्या खाचांत रुतून पुढे सरकते आणि नळीबाहेर पडताना स्वतःभोवती फिरू लागते. खाचेला एक पूर्ण फेरा घेण्यास नळीची जितकी लांबी लागते, तितका तिचा पीळ. ३० इंचांत एक फेरा म्हणजे ‘३० इंचांचा पीळ’. आकडा मोठा असेल तर पीळ सैल, आकडा लहान असेल तर पीळ घट्ट. कारखान्यात एकदा खाच कोरली की हा आकडा नळीच्या आयुष्यभरासाठी ठरतो.

५.
येथे एक गल्लत टाळायला हवी. जुन्या बंदुकांच्या नळीवर बाहेरून लाटांसारखी सुंदर नक्षी दिसते. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, त्या सळईभोवती गुंडाळून आणि ठोकून नळी घडवण्याची ती पद्धत. तिला ‘दमास्कस’ नळी म्हणतात. तो पीळ धातूचा आहे, खाचांचा नव्हे. बाहेरून अशी नक्षी असलेली नळी आतून पूर्ण गुळगुळीत असू शकते. जुन्या हत्यारांच्या वर्णनांत हे दोन पीळ वारंवार एकमेकांत मिसळतात आणि साध्या बंदुकीला उगाच रायफल ठरवले जाते.

६.
रायफलीपूर्वी सर्वत्र गुळगुळीत नळीचे राज्य होते. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा मद्रास फौजेतील अधिकारी वाघाच्या शिकारीला निघाला आणि वाघूर नदीच्या वळणावर त्याला अजिंठ्याची लेणी दिसली, हा प्रसंग प्रसिद्ध आहे. त्या काळच्या बहुतेक बंदुका, मग त्या देशी तोड्याच्या असोत वा विलायती चकमकीच्या, गुळगुळीत नळीच्याच होत्या. गोळी नळीपेक्षा थोडी लहान असे, म्हणजे ती भराभर ठासता येई. परंतु ती नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडे आणि शेवटचा धक्का ज्या बाजूने बसे त्याच्या उलट बाजूला झुके. पन्नास-साठ पावलांपुढे नेमाची खात्री राहत नसे.

७.
गोळी फिरवण्याचा उपाय याच अडचणीवरचा. भोवरा फिरत असतो तोवर आरीवर उभा राहतो आणि वेग मंदावला की लवंडतो. गोळीचेही तसेच. फिरती गोळी आपला अक्ष सोडत नाही. शिवाय शिसे ओतताना गोळीत राहिलेला जडपणाचा फरक प्रत्येक फेऱ्यात सर्व दिशांना सारखा वाटला जातो. त्यामुळे एका बाजूला सतत ढकलले जाणे थांबते. गोल गोळीला एवढेच पुरते. तिला पुढचे टोक आणि मागचा बूड असा भेदच नसतो, त्यामुळे हवेत कोलांटी खाण्याचा प्रश्न येत नाही. म्हणून गोल गोळीला अगदी सैल पीळही चालतो.

८.
१८०० साली इंग्रज फौजेने स्वीकारलेली इझिकिएल बेकरची रायफल याचे चांगले उदाहरण आहे. तिच्या ३० इंची नळीत खाच केवळ पाव फेरा घेई. म्हणजे पीळ १२० इंचांचा. सैल पिळाचा आणखी एक फायदा होता. या रायफली ठासणीच्या होत्या. कापडाच्या किंवा चामड्याच्या चिंधीत गुंडाळलेली गोळी तोंडाकडून गजाने दाबत तळापर्यंत न्यावी लागे. पीळ जितका घट्ट, तितके हे काम जड. काळ्या दारूचा मळी नळीत साचल्यावर तर ते आणखीच कठीण होई.

९.
१८३७ च्या सुमारास आलेल्या ब्रन्सविक रायफलीने उलट टोक गाठले. दोनच खोल खाचा, ३० इंचांचा पीळ, आणि गोळीला मधोमध पट्ट्यासारखा उंचवटा. तो पट्टा खाचांत बसे, त्यामुळे गोळी खाच सोडून सुटण्याची भीती कमी झाली. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतही ही रायफल आली. कागदावर कल्पना उत्तम होती. परंतु थोडे बार झाले की मळी साचे आणि पट्टेदार गोळी ठासताना शिपायाच्या नाकी नऊ येत. शिवाय पट्ट्यामुळे गोळीला हवेचा अडथळाही वाढे. गोळी आणि पीळ यांची जोडी जमवताना दारूचाही हिशेब ठेवावा लागतो, हा धडा येथे मिळाला.

१०.
शिकारीत मात्र हीच पट्टेदार गोळी काही काळ गाजली. सॅम्युएल बेकर याने १८४० साली ब्रिस्टलच्या गिब्ज कारखान्याकडून स्वतःच्या कल्पनेची रायफल करवून घेतली आणि पुढे ती सिंहलद्वीपातील हत्तींवर वापरली. वजन २१ पौंड, म्हणजे साडेनऊ किलो. नळी ३६ इंची, खाचा दोन, पीळ ३६ इंचांचा. पट्टेदार गोळी ३ औंसांची, लांबट गोळी ४ औंसांची आणि दारू १६ ड्रॅम, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. एवढ्या वजनाखेरीज त्या बाराचा धक्का खांद्याला सोसलाच नसता. जाडजूड शिसे आणि भरपूर दारू, हे या विचाराचे सार होते.

११.
दुसरा विचार मुंबई फौजेतून आला. तोफखान्यातील जॉन जेकब याने सिंध सरहद्दीवर अनेक वर्षे प्रयोग करून चार खाचांची दुनळी रायफल तयार केली. नळी २४ इंची, तीत खाच पाऊण फेऱ्याहून थोडी अधिक फिरे, म्हणजे पीळ ३० इंचांचा. गोळी लांबट, चार पाखे असलेली. दारूगोळ्याच्या गाड्या दुरून उडवण्यासाठी त्याने फुटणारी गोळीही बनवली, आणि शिकाऱ्यांनी ती पुढे वाघांवर वापरून पाहिली. १८५८ साली जेकब वारला. ४०० ग्रॅमपेक्षा हलक्या स्फोटक गोळ्या युद्धात वापरू नयेत, असे १८६८ च्या सेंट पीटर्झबर्ग जाहीरनाम्याने ठरवले.

१२.
त्याच दशकात १८५३ ची एन्फील्ड रायफल आली. जिच्या काडतुसांच्या चरबीवरून १८५७ चा भडका उडाला, ती हीच. व्यास ०.५७७ इंच, तीन खाचा, पीळ ७८ इंचांचा. तिची लांबट गोळी नळीपेक्षा किंचित लहान आणि बुडाला पोकळ असे. ती सहज ठासता येई. बार होताच बूड फुगून खाचांत रुते. ठासणीचा जुना प्रश्न सुटला आणि पल्ला कितीतरी वाढला. परंतु या गोळीचा वेग बेताचा असल्याने तिचा मार्ग धनुष्यासारखा वाकडा होता. अंतराचा अंदाज चुकला की गोळी सावजाच्या वरून जाई किंवा पायाखाली पडे.

१३.
येथेच जेम्स फोर्सिथ या वादात उतरला. १८३८ साली जन्मलेला हा बंगाल स्टाफ कोअरचा अधिकारी मध्य प्रांतात नोकरीला होता. सातपुडा, नर्मदाकाठ आणि निमाड हा त्याचा प्रदेश. पचमढीतील ‘बायसन लॉज’ त्याच्याच नावाशी जोडलेला आहे. त्याचे ‘द स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स’ हे पुस्तक १८६३ साली निघाले. त्याचा मुद्दा साधा होता. लष्कराला हजार यार्डांची ओढ असते. शिकाऱ्याचे बहुतेक बार दीडशे यार्डांच्या आत होतात. जंगलात अंतर मोजायला वेळ नसतो. म्हणून त्या टप्प्यात दृष्टीच्या रेषेला चिकटून जाणारी आणि जबर घाव घालणारी गोळी हवी.

१४.
त्याचे उत्तर होते गोल गोळी. १४ बोअरची नळी, म्हणजे एक पौंड शिशातून सारख्या आकाराच्या १४ गोळ्या होतील इतक्या जाडीची. व्यास सुमारे ०.६९ इंच, वजन ३२ ग्रॅमच्या आसपास. त्यावर ५ ड्रॅम, म्हणजे जवळपास ९ ग्रॅम दारू. खाचा उथळ आणि पीळ ८ फूट ८ इंचांत एक फेरा. लांबट गोळी हीच प्रगती असे मानणाऱ्या काळात हा प्रस्ताव मागे जाणारा वाटला असेल. परंतु त्यामागे चोख तर्क होता.

१५.
तर्क असा. वेग वाढवायचा तर दारू वाढवावी लागते. दारू वाढली की गोळीला अचानक जोराचा धक्का बसतो. पीळ घट्ट असेल तर मऊ शिशाची गोळी त्या धक्क्यात वळण घेऊ शकत नाही. खाचांच्या कडा तिला खरवडतात आणि ती वळणे सोडून सरळ सुटते. मग फिरणेही नाही आणि नेमही नाही. पीळ सैल ठेवला की भरपूर दारू घालूनही गोळी खाच धरून राहते. गोल गोळीला फिरण्याची गरज मुळातच थोडी. त्यामुळे सैल पिळाने काहीच गमवावे लागत नाही, आणि वेग मात्र पदरात पडतो.

१६.
या रचनेलाही मर्यादा होती. हवेतील अडथळा गोल गोळीला फार लवकर थकवतो. त्याच व्यासाच्या लांबट गोळीत शिसे अधिक असते, म्हणून ती वेग टिकवते. दीडशे यार्डांपलीकडे गोल गोळी झपाट्याने खाली येऊ लागते. म्हणजे फोर्सिथची रायफल सातपुड्यात किंवा कन्नडच्या घाटात योग्य, पण गंगापूरच्या उघड्या माळावर दूरच्या काळविटासाठी अपुरी. तिचा १०४ इंचांचा पीळ हा जंगलाचा पीळ होता. त्या नळीत लांबट गोळी घातली असती तर ती हवेत कोलांट्या खात गेली असती.

१७.
माळासाठी वेगळे उत्तर लंडनमध्ये आकार घेत होते. १८५६ साली जेम्स पर्डी याने ‘एक्स्प्रेस ट्रेन’ या नावाने रायफली काढल्या. आगगाडीसारखा वेग, असा त्या नावाचा रोख. व्यास लहान, दारू भरपूर, गोळी हलकी. पुढे मागून काडतूस भरण्याची सोय आल्यावर ०.४५० आणि ०.५०० एक्स्प्रेस या जाती हिंदुस्थानात सर्वत्र पसरल्या. गोळी हलकी करण्यासाठी तिच्या टोकाला पोकळी ठेवीत आणि बहुधा त्यात तांब्याची नळी बसवीत. गोळी आखूड, त्यामुळे तिला फार घट्ट पीळही लागत नसे. काळविटासारख्या नाजूक अंगाच्या प्राण्यावर ही गोळी शरीरात शिरून फुलायची आणि तो जागीच पडायचा.

१८.
तीच गोळी वाघ किंवा गवा यांच्यावर घातक ठरू लागली, आणि घातक शिकाऱ्यालाच. खांद्याच्या जाड हाडावर आदळताच पोकळ टोकाची गोळी वरच्यावर फुटे. भयंकर दिसणारी, पण उथळ जखम होई. सॅम्युएल बेकरने १८९० साली ‘वाइल्ड बीस्ट्स अँड देअर वेज’ या ग्रंथात या पोकळ गोळ्यांवर कडक टीका केली आणि ०.५७७ व्यासाची, शुद्ध शिशाची, भरीव गोळी वाघासाठी पुरस्कारली. सुमारे ६५० ग्रेनची, म्हणजे ४२ ग्रॅमची ही गोळी अंगात शिरून चपटी होई, पण अखंड राहून खोल जाई.

१९.
या वादाची किंमत आकड्यांत दिसत नाही. चुकीच्या गोळीने वाघ मरत नसे. जखमी होऊन झाडीत शिरत असे. साहेब किंवा जहागीरदार मचाणावर किंवा हत्तीवर असे. खाली पायी असत ते हाकेवाले: आसपासच्या गावांतील शेतकरी, मजूर, डोंगरातील भिल्ल. त्यांच्या हातात ढोल, काठ्या, फार तर कुऱ्हाड. जखमी जनावराचा माग काढण्याचे कामही त्यांच्यातलाच वाटाड्या करी. नळीचा पीळ आणि गोळीचा मेळ जमला नाही, तर त्याचा पहिला हिशेब या माणसांना चुकवावा लागे. शिकारीच्या पुस्तकांत मालकाच्या रायफलीचा तपशील असतो. यांची नावे सहसा नसतात.

२०.
माळ आणि रान या दोन्हींसाठी एकच हत्यार हवे, ही इच्छा १८८० च्या दशकात एका चमत्कारिक रचनेने काही अंशी पुरी केली. कर्नल जॉर्ज फॉस्बरी याने १८८५ साली पेटंट घेतले आणि हॉलंड अँड हॉलंडने ती बंदूक ‘पॅराडॉक्स’ या नावाने विकली. नळी जवळजवळ पूर्ण गुळगुळीत, फक्त तोंडाजवळच्या शेवटच्या काही इंचांत पिळाच्या खाचा. छर्रे घातले तर तित्तिर मिळे. भरीव गोळी घातली तर ती जाताजाता फेरा घेई आणि शंभर यार्डांपर्यंत नेमकी लागे. मिश्र शिकारीच्या या देशात ती विशेष आवडली.

२१.
तोवर पीळ ठरवणे हे अनुभवाचे आणि अंदाजाचे काम होते. १८७९ साली वुलिचचे गणितज्ञ आल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिल यांनी त्याला सूत्र दिले. गोळीची लांबी तिच्या व्यासाच्या किती पट आहे ते पाहावे. १५० ला त्या पटीने भागावे. उत्तर येते तितक्या व्यासांत एक फेरा हवा. लांबी व्यासाच्या तिप्पट असेल तर १५० भागिले ३, म्हणजे ५० व्यास. ०.४५ इंच जाडीच्या गोळीला २२.५ इंच. १८७१ साली आलेल्या, ४८० ग्रेनची लांबट गोळी टाकणाऱ्या मार्टिनी-हेन्री रायफलीचा पीळ २२ इंच होता. सूत्रापूर्वीच कारागीर जवळपास तेथे पोहोचले होते.

२२.
आता हेच सूत्र फोर्सिथच्या गोळीला लावले तर? गोल गोळीची लांबी आणि व्यास सारखेच. म्हणून १५० भागिले १, म्हणजे १५० व्यास. ०.६९३ गुणिले १५० केले की उत्तर येते १०४ इंच. फोर्सिथने सूत्राच्या सोळा वर्षे आधी सुचवलेला नेमका तोच आकडा. मात्र याला पुरावा म्हणता येत नाही. ग्रीनहिलचे सूत्र लांबट गोळ्यांसाठी होते. गोल गोळी कोलांटी खात नाही, त्यामुळे तिला ते लागूच पडत नाही. तरीही हा योगायोग एक गोष्ट मनात ठसवतो: पिळाचा खरा संबंध गोळीच्या लांबीशी आहे.

२३.
वजनाशी नव्हे, लांबीशी. हा मुद्दा धूररहित दारू आल्यावर फार महत्त्वाचा झाला. वेग इतका वाढला की उघडे शिसे खाचांत टिकेना. गोळीला तांबे-निकेलच्या मिश्रधातूचे कवच चढवावे लागले. व्यास घटला, लांबी वाढली. ०.३०३ च्या सुरुवातीच्या गोळीचे वजन २१५ ग्रेन आणि लांबी व्यासाच्या चौपट. सूत्राप्रमाणे तिला सुमारे साडेअकरा इंचांचा पीळ पुरे झाला असता. निर्मात्यांनी हात राखून १० इंच ठेवला. मऊ गोळी खरवडली जाण्याची फोर्सिथला छळणारी अडचण कवचाने दूर केली होती. १०४ वरून १० पर्यंतचा प्रवास असा पुरा झाला.

२४.
त्याच नळीतून पुढे वेगवेगळ्या गोळ्या गेल्या. कलकत्त्याजवळच्या दमदम येथील कारखान्यात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले याने कवचाचे टोक उघडे ठेवलेली, अंगात शिरून फुलणारी गोळी काढली; १८९९ च्या हेग परिषदेने अशा गोळ्या युद्धात निषिद्ध ठरवल्या, शिकारीत मात्र त्या राहिल्या. १९१० साली १७४ ग्रेनची टोकदार ‘मार्क ७’ गोळी आली. वजन घटले, पण टोकात ॲल्युमिनियमसारखा हलका पदार्थ भरून लांबी राखली होती. म्हणून १० इंचांचा पीळ तिलाही मानवला. सेकंदाला २,४४० फूट वेगाने निघणारी ही गोळी सेकंदात सुमारे २,९०० फेरे घेई. वाटचाल बदलल्याने रायफलींचे नेमपट्टे मात्र नव्याने आखावे लागले.

२५.
गोळीची निवड कधी कायद्यानेही ठरे. १९०७ च्या सुमारास हिंदुस्थान सरकारने लष्करी जातीची काडतुसे खाजगी हातांत राहू नयेत म्हणून ०.४५० आणि ०.३०३ वर बंधने आणली. त्यातून ०.४६५ आणि ०.४७० या नव्या शिकारी जाती वर आल्या, आणि साध्या शिकाऱ्यासाठी ०.३१५ आली. तिचे काडतूस मुळात ऑस्ट्रियाच्या ८ मिलिमीटर मॅनलिखरचे, गोळी २४४ ग्रेनची, बोथट टोकाची. ही रायफल स्वतंत्र भारतात ईशापूरच्या कारखान्यात बनत राहिली. तिच्या काडतुसांच्या बुडावर दिसणारी ‘केएफ’ ही अक्षरे १८६९ साली सुरू झालेल्या पुण्याच्या खडकी दारूगोळा कारखान्याची.

२६.
संग्रहालयातील किंवा परवान्याने जपलेली जुनी रायफल म्हणूनच दस्तऐवजासारखी वाचता येते. रिकाम्या नळीत गजाला घट्ट चिंधी लावून तो सरकवला आणि किती इंचांत फेरा होतो ते मोजले की पीळ कळतो. पिळावरून गोळीची लांबी, तिच्यावरून काळ आणि सावज. १०० इंचांच्या आसपासचा पीळ दिसला तर गोल गोळी आणि जंगल. २० ते ३० इंच असेल तर शिशाची लांबट गोळी. १० इंचांच्या आसपास असेल तर कवचाची गोळी आणि धूररहित दारू. अनेक विलायती नळ्यांच्या तळाशी दारूचे आणि गोळीचे ग्रेनमधील वजनही कोरलेले सापडते.

२७.
दुनळी रायफलीत तर ते कोरलेले वजन निर्णायक असते. कारागीर दोन्ही नळ्या एका ठरावीक गोळीसाठीच एकमेकींशी जुळवून जोडतो. दुसऱ्या वजनाची गोळी घातली की उजवी एकीकडे मारते आणि डावी दुसरीकडे. पीळ अपुरा पडला तर त्याची खूणही स्पष्ट असते: निशाणाच्या पाटीवर गोल छिद्राऐवजी आडवे, लांबट छिद्र पडते, कारण गोळी आडवी होऊन आदळलेली असते. काळ्या दारूच्या नळीत धूररहित दारूचे काडतूस घालणे हा तर जीवघेणा प्रकार. तेवढा दाब ती नळी सोसत नाही. अशी हत्यारे आज पाहण्या-अभ्यासण्यासाठीच आहेत.

२८.
१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळवीट आणि वाघ या दोघांच्याही शिकारीवर बंदी आली. खानदेशात भिल्ल पलटण उभारणारा आणि वाघांचा शिकारी म्हणून गाजलेला जेम्स आउट्रम ज्या घाटाला आपले नाव देऊन गेला, तेथे १९८६ पासून गौताळा-औट्रमघाट अभयारण्य आहे. रायफलींचे काम संपले. त्यांच्या नळ्यांत कोरलेला हिशेब उरला आहे. एखादी जुनी रायफल ‘नेमाला वाईट’ होती असे कोणी सांगितले, तर आधी दोन प्रश्न विचारावेत: तिचा पीळ किती इंचांचा होता, आणि तिच्यात कोणती गोळी घातली होती? बहुतेक वेळा दोष नळीचा निघत नाही, जोडीचा निघतो.